अरिष्ट टाळणारा अपोलो

प्राचीन ग्रीकांचे देव केवळ मंदिरात नसत. दारापाशी हर्मिसचा चौकोनी दगडी स्तंभ असे, तिठ्यावर हेकाटीची मूर्ती असे. चौकटीवर हेराक्लिसचे नाव कोरले की वाईट आत शिरत नाही, अशी समजूत होती. अपोलो आणि हेराक्लिस यांना तर एक विशेषणच लावत: ‘अलेक्सिकाकोस’, म्हणजे अरिष्ट टाळणारा.

अथेन्सच्या बाजारचौकात या नावाचा अपोलोचा पुतळा होता. तो कालामिस या शिल्पकाराने घडवला होता. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पॉसेनिअस या प्रवाशाने नावामागची कथा नोंदवली आहे. स्पार्टाशी युद्ध चालू असताना आलेली साथ अपोलोने डेल्फीच्या कौलाने थांबवली, म्हणून हे नाव पडले, असे त्याला सांगण्यात आले.

ही कथा आपण तपासून पाहू. साथ सुरू झाली इ.स.पू. ४३० मध्ये. कालामिस मात्र बहुतेक अभ्यासकांच्या मते आधीच्या पिढीतला. म्हणजे पुतळा बहुधा आधीचा आणि कथा नंतर जोडलेली.

दुसरा साक्षीदार आहे इतिहासकार थ्युसिडिडीज. तो स्वतः या साथीत आजारी पडून बरा झाला होता. देवळांतली गाऱ्हाणी आणि कौल निरुपयोगी ठरले व लोकांनी अखेर ते सोडून दिले, असे तो लिहितो. त्या दिवसांत लोकांना एक जुने भाकीत आठवले. त्यात शब्द ‘लोइमोस’ (साथ) होता की ‘लिमोस’ (दुष्काळ), यावर वाद झाला. साथ चालू होती, म्हणून ‘लोइमोस’ खरा ठरला! उद्या युद्धाबरोबर दुष्काळ आला तर लोक दुसरा शब्द म्हणतील, असे तो सांगतो. माणसे आठवण संकटाला जुळवून घेतात, हे त्याने नेमके ओळखले होते.

याच इतिहासकाराने आणखी एक गोष्ट टिपली: रोगातून उठलेला माणूस पुन्हा त्याच रोगाने दगावत नाही, म्हणून असे लोक निर्धास्तपणे रुग्णांजवळ जात. जंतू कोणाला ठाऊक नसताना केलेले हे प्रतिकारशक्तीचे निरीक्षण आहे. रोग कोणता होता, हे अजून निश्चित झालेले नाही. निरीक्षण मात्र टिकले.

अथेन्सकरांना आपण हसू नये. साथीने त्यांचे सुमारे ४,४०० पायदळ सैनिकच नेले; इतरांची तर मोजदादही नव्हती. अशा वेळी माणूस रक्षणकर्ता शोधणारच. वर्गात एवढेच विचारावे: आधी काय घडले, नंतर काय सांगितले गेले, आणि हे आपल्याला कशावरून कळते?