शेवटच्या शोधाची कुळकथा

माणसाहून हुशार यंत्र एक दिवस माणसाच्याच डोक्यावर बसेल, ही धास्ती संगणकापेक्षा जुनी आहे. सॅम्युएल बटलर नावाचा इंग्रज तरुण न्यूझीलंडमध्ये मेंढ्या पाळत होता. डार्विन वाचून तो झपाटला आणि १८६३ साली क्राइस्टचर्चच्या ‘द प्रेस’ला त्याने टोपणनावाने पत्र धाडलं: जिवांसारखी यंत्रंही उत्क्रांत होताहेत, उद्या त्यांच्या दावणीला आपण असू. यात थट्टा किती आणि कळकळ किती, हे आजही नेमकं सांगता येत नाही. १८७२ च्या ‘एरेव्हॉन’ या कादंबरीत त्याने हाच धागा पुढे नेला. तिथल्या लोकांनी यंत्रं मोडीतच काढलेली असतात.

अ‍ॅलन ट्युरिंग या गणितज्ञाने १९५१ च्या एका भाषणात याच कादंबरीचा हवाला देऊन यंत्रांच्या हाती सत्ता जाण्याची शक्यता बोलून दाखवली. पण आजच्या ‘सुपरइंटेलिजन्स’चा मूळपुरुष म्हणायचा तो त्याचा सहकारी आय. जे. गुड. जन्म १९१६, लंडनमधल्या पोलिश-ज्यू घरात. युद्धकाळात ब्लेचली पार्कला जर्मनांचे सांकेतिक संदेश फोडता फोडता हे दोघं बुद्धिबळ खेळणाऱ्या यंत्राविषयी बोलत.

१९६५ साली गुडचा लेख प्रसिद्ध झाला. त्यातला युक्तिवाद शाळकरी मुलालाही समजावा इतका सरळ आहे. बुद्धीच्या प्रत्येक कामात भल्याभल्या हुशार माणसाला मागे टाकणारं यंत्र झालं असं समजा. यंत्र घडवणं हेही बुद्धीचंच काम. म्हणजे ते स्वतःहून सरस यंत्र घडवील, ते आणखी सरस. बुद्धीचा स्फोटच. मग असं पहिलं यंत्र हा माणसाने लावायचा शेवटचा शोध ठरेल. फक्त, स्वतःला ताब्यात कसं ठेवायचं हे आपल्याला सांगण्याइतकं ते यंत्र गरीब स्वभावाचं असलं पाहिजे, एवढी अट गुडने जाता जाता जोडली.

ही जाता जाता जोडलेली अटच पुढच्या सगळ्या वादाचं घर झाली. आपल्याकडे अशा वेळी भस्मासुर आठवतो, पण तो इथे लागू पडत नाही. भस्मासुराच्या मनात खोट होती. तत्त्वज्ञ निक बोस्ट्रमने २००३ साली कल्पिलेल्या यंत्राला कुणाचा द्वेष नाही. जास्तीत जास्त कागदी क्लिपा बनव एवढंच सांगितलेलं, आणि ते इमानेइतबारे पृथ्वीच्या क्लिपा करून टाकतं. चांगलं म्हणजे काय, हे अडीच हजार वर्षं वाद घालूनही आपलं ठरलेलं नाही. ते यंत्राला कोणत्या शब्दांत सांगायचं?

मला गुडच्या युक्तिवादाची दुसरी बाजू जास्त कच्ची वाटते. बुद्धी ही वजनकाट्यावर तोलता येणारी एकच वस्तू आहे, असं तो धरून चालतो. नव्या औषधाची परीक्षा घ्यायला रोग्याच्या शरीरालाच वेळ लागतो, तिथे नुसती हुशारी घाई कशी करणार? मुदतीही चुकल्या. असं यंत्र विसाव्या शतकातच होण्याचा संभव गुडला जास्त वाटत होता. विज्ञानकथालेखक व्हर्नर विंजने १९९३ साली आणखी तीस वर्षांचा वायदा केला, तोही उलटला. अर्थात वायदा हुकला म्हणून युक्तिवाद खोटा पडत नाही. कर्करोगावर, उपासमारीवर उपाय सुचवणारी बुद्धी खरंच हाती आली तर ती नको असं कोण म्हणेल?

गुडलाही ती हवीच होती. माणूसजात तगायची तर असं यंत्र लवकर व्हायला हवं, या विधानानेच त्याचा १९६५ चा लेख सुरू होतो. काळ शीतयुद्धाचा होता. पुढे त्याने ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ या चित्रपटासाठी स्टॅन्ली कुब्रिकला सल्ला दिला, अमेरिकेत व्हर्जिनियात प्राध्यापकी केली. १९९८ साली, ऐंशी उलटल्यावर, स्वतःचा परिचय तृतीयपुरुषी लिहिताना त्याने ते पहिलं वाक्य पुन्हा काढलं आणि म्हटलं, की ‘तगणं’च्या जागी आता ‘नामशेष होणं’ घालावं अशी याला शंका येते. कारण त्याने यंत्राच्या स्वभावात शोधलं नाही. देशादेशांतली चढाओढ कुणाला थांबू देणार नाही, असं त्याचं म्हणणं होतं.