पंचांची नजर आणि खेळाडूची पाठ

१९७२ सालच्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये भारोत्तोलनाच्या सर्वांत वरच्या वजनगटात सोव्हिएत संघाच्या वासिली अलेक्सेयेव याने सुवर्णपदक मिळवले. त्याने तीन प्रकारांत उचललेली वजने अशी होती : प्रेस २३५ किलो, स्नॅच १७५ किलो, क्लीन अँड जर्क २३० किलो, एकूण ६४० किलो. हे आकडे क्षणभर नीट पाहावेत. त्यांपैकी एक आकडा शरीरशास्त्राच्या हिशेबात बसत नाही.

तो कोणता हे कळण्यासाठी तिन्ही प्रकारांची ओळख करून घ्यायला हवी. स्नॅचमध्ये बार जमिनीवरून एका दमात थेट डोक्यावर न्यायचा असतो. क्लीन अँड जर्कमध्ये तो आधी खांद्यांपर्यंत आणायचा, मग गुडघे किंचित वाकवून पायांच्या जोराने वर उडवायचा आणि झटकन त्याच्याखाली शिरून हात ताठ करायचे. पाण्याने भरलेला हंडा डोक्यावर चढवताना बायका गुडघ्यांचा जो हलका हिसका देतात, त्याचेच हे थोरले रूप. प्रेसमध्ये बार खांद्यांपर्यंत तसाच आणायचा, पण तेथे थांबायचे. पंचांचा इशारा झाला की गुडघे न वाकवता, पाऊल न हलवता, शरीर न उसळवता केवळ खांद्यांच्या आणि दंडांच्या बळावर तो वर ढकलायचा.

आता उघड आहे की जर्कमध्ये मांड्यांचे आणि नितंबांचे स्नायू कामाला लागतात, आणि ते शरीरातले सर्वांत मोठे स्नायू आहेत. प्रेसमध्ये त्यांना मज्जाव आहे. तेव्हा प्रेसचा आकडा जर्कपेक्षा चांगलाच कमी असायला हवा. अलेक्सेयेवचा तो पाच किलोंनी जास्त आहे! रौप्यपदक मिळवणाऱ्या पश्चिम जर्मनीच्या रुडॉल्फ मांगचे आकडे तर आणखी बोलके आहेत : प्रेस २२५, जर्क २१५.

पूर्वी असे नव्हते. दोन हातांनी करायचे हे तीन प्रकार एवढीच स्पर्धा १९२८ साली अ‍ॅमस्टरडॅमला ठरली. तेथे याच वरच्या गटात जर्मनीच्या योझेफ श्ट्रासबर्गरने प्रेसमध्ये १२२.५ आणि जर्कमध्ये १४२.५ किलो उचलून सुवर्ण जिंकले. दुसऱ्या आलेल्या एस्टोनियाच्या आर्नोल्ड लुहाएरचे आकडे १०० आणि १५० होते. म्हणजे प्रेस हा जर्कच्या अनुक्रमे ८६ आणि ६७ टक्के. १९५६ साली मेलबर्नला अमेरिकेचा पॉल अँडरसन आणि अर्जेंटिनाचा हुंबेर्तो सेल्वेत्ती यांची बेरीज सारखीच, ५०० किलो झाली आणि शरीराचे वजन कमी म्हणून अँडरसन जिंकला. त्यांचे प्रमाण ८९ आणि ९७ टक्के निघते. म्युनिकला ते १०२ आणि १०५ झाले.

यावर कोणी म्हणेल की माणसे बलवान झाली, व्यायामाचे शास्त्र सुधारले. ते खरेच आहे; पण मग स्नॅचचे जर्कशी प्रमाणही असेच वाढायला हवे होते. ते १९२८ च्या दोघांत ७५ आणि ७३, १९५६ च्या दोघांत ७७ आणि ८१, तर १९७२ च्या दोघांत ७६ आणि ७९ टक्के येते. थोडक्यात, ते तेथेच आहे. (सहा माणसांच्या आकड्यांवरून नियम काढू नये हे मला मान्य आहे. जर्क शेवटी होत असे, आणि जिंकण्यापुरते उचलून खेळाडू थांबतही असत. तरीसुद्धा फरक इतका एकाच दिशेने जाणारा आहे की त्याचे कारण शोधायला हवे.)

कारण असे की १९२८ आणि १९७२ साली ‘प्रेस’ या एकाच नावाखाली दोन निरनिराळे व्यायाम केले जात होते.

नियमाची शब्दरचना येथे महत्त्वाची आहे. प्रेस करताना शरीर मागे झुकवू नये असे नियमाला सांगायचे होते. पण जड वजन डोळ्यांसमोरून वर जाताना डोके आणि छाती थोडी मागे घ्यावीच लागते, नाहीतर बार हनुवटीवर आपटेल. म्हणून मनाई होती ती ‘अतिरिक्त’ झुकण्याला. आता अतिरिक्त म्हणजे किती? दहा अंश? वीस? पंचांच्या हातात कोनमापक नव्हता, आणि असता तरी उपयोग नव्हता. सगळा प्रकार दोनतीन सेकंदांत आटोपतो. शिवाय तीन पंचांपैकी मुख्य पंच समोर बसतो, आणि मागे झुकणे समोरून फारसे कळत नाही. कळते ते बाजूच्या दोघांना. तिघांपैकी दोघांनी पांढरा दिवा लावला की वजन मान्य.

अशा स्थितीत काय होईल याचा अंदाज बांधणे कठीण नाही. एका खेळाडूने अंगुळभर जास्त झुकून पाहिले आणि दिवा पांढरा लागला. पुढच्या स्पर्धेत तेवढे झुकणे हीच रीत झाली, आणि त्यापुढे आणखी अंगुळभर. क्रमांक तिन्ही प्रकारांच्या बेरजेवर ठरत असल्याने प्रेसमध्ये तंत्राने मिळवलेले दहा किलो हे स्नॅचमध्ये घाम गाळून मिळवलेल्या दहा किलोंच्याच मोलाचे होते. सरळ उभा राहणारा प्रामाणिक खेळाडू मागे पडू लागला. पंचांचीही पंचाईत होती. पहिल्या आलेल्या खेळाडूला जे चालू दिले ते दुसऱ्याला कसे नाकारणार? त्यात ती शीतयुद्धाची वर्षे. लाल दिवा लावला की त्यामागे राजकारण शोधले जाई.

साठीच्या दशकाच्या अखेरीस तंत्र असे झाले होते. खेळाडू बार खांद्यांवर घेऊन उभा राही तोच मुळी कंबर पुढे काढून, धनुष्यासारखा. इशारा होताच कंबर झटक्याने मागे येई, धड ताठ होई आणि छातीवरून बार वर उसळे. गुडघे वाकलेले नसत, पाऊल हललेले नसे. नियमाचे अक्षर शाबूत! बार कपाळापर्यंत पोचून मंदावला की कंबर पुन्हा पुढे जाई आणि छाती छताकडे वळे. आता खेळाडू जवळजवळ उतरत्या फळीवर पाठ टेकून वजन ढकलत असल्यासारखा होई, फक्त फळी नसे. तिचे काम मणका करी.

यातला फायदा शाळेतल्या भौतिकशास्त्राने समजतो. धडाच्या हिसक्याने बारला सुरुवातीस सेकंदाला दीड मीटर वेग मिळाला असे धरा. हातांनी काहीही न करता तो v²/2g, म्हणजे सुमारे ११ सेंटिमीटर वर जाईल. प्रेसमध्ये बार अडतो तो नेमका छाती सोडल्यानंतरच्या टप्प्यात, कारण तेथे खांद्यापासून बारपर्यंतचा तरफेचा हात मोठा असतो. तो कठीण टप्पा फुकटात पार पडतो. मागे झुकण्याचे दोन लाभ : खांदेच खाली गेल्याने बारला कमी उंची गाठावी लागते, आणि खांद्यांच्या स्नायूंच्या मदतीला छातीचे रुंद, बलवान स्नायू येतात.

किंमत कोण मोजतो? कमरेचे मणके. ताठ उभे असताना मणक्यांवरचा भार मुख्यतः त्यांच्या पुढच्या जाड, गोल भागांवर आणि मधल्या चकत्यांवर पडतो. कंबर मागे वाकली की तो मागच्या लहान सांध्यांकडे आणि हाडांच्या नाजूक कमानींकडे सरकतो. दोनशे किलो डोक्यावर असताना तेथे काय होत असेल याची कल्पना करावी.

अखेर १९७२ मध्येच आंतरराष्ट्रीय महासंघाने प्रेस स्पर्धेतून काढून टाकला आणि १९७३ पासून स्नॅच व जर्क हे दोनच प्रकार उरले. मुख्य कारण निर्णय देता येत नाही हे होते. पाठीच्या दुखापतींची चिंताही बोलून दाखवली जात होती. मला या शेवटाचे नेहमी वाईट वाटते. खांद्यांची ताकद वाढवणारा एक साधा, जुना व्यायाम होता. तो वाईट म्हणून गेला नाही. त्याचे गुण कसे द्यावेत हे जमले नाही म्हणून गेला.

आणि व्यासपीठावरून गेला तसा तो अनेक व्यायामशाळांतूनही मागे पडला. योगायोग असा की त्याच १९७२ साली पॉवरलिफ्टिंगचा आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. या खेळात स्क्वॉट, बेंचप्रेस आणि डेडलिफ्ट हे तीन प्रकार असतात. ‘किती उचलतोस?’ या प्रश्नाचा अर्थ हळूहळू ‘बाकावर पाठ टेकून किती ढकलतोस?’ असा झाला. तेथेही तीच कथा घडली. नियम म्हणाला : डोके, खांदे आणि नितंब बाकाला टेकलेले हवेत. पाठीबद्दल नियम गप्प होता. मग पाठीची उंच कमान करायची, पकड नियमाने दिलेल्या ८१ सेंटिमीटरपर्यंत रुंद करायची, आणि छातीच बारच्या भेटीला वर न्यायची, हे तंत्र आले. १५० किलोंचा बार ४० सेंटिमीटर ढकलण्यास सुमारे ५९० ज्यूल कार्य लागते. १० सेंटिमीटर ढकलण्यास १४७. गुणपत्रकावर मात्र दोन्हीकडे १५०. शेवटी २०२३ पासून महासंघाला नवा नियम करावा लागला : बार खाली आल्यावर कोपरांची खालची बाजू खांद्याच्या सांध्याच्या वरच्या पातळीपर्यंत किंवा त्याखाली आलीच पाहिजे.

स्पर्धेचा नियम व्यायाम बिघडवतोच असे मात्र समजू नये. स्क्वॉटमध्ये कंबरेचा सांधा गुडघ्याच्या वरच्या पातळीखाली गेला पाहिजे, या नियमामुळे पूर्ण बैठक म्हणजे काय हे जगभर ठरले. एरवी अर्धे बसून दुप्पट वजनाची फुशारकी मारणारे कमी नाहीत. फरक एवढाच की ही खूण डोळ्यांना दिसते, ‘अतिरिक्त’ दिसत नाही.

हे झाले मोठ्यांचे आणि पदकांचे. शाळेच्या मैदानावरही पंच असतो : शिट्टी आणि स्टॉपवॉच घेतलेले शिक्षक. अमेरिकेत १९५८ साली शाळकरी मुलांसाठी एक क्षमता चाचणी सुरू झाली. तिच्यात ५० यार्ड धावणे, ६०० यार्ड धावणे-चालणे यांच्याबरोबर सिट-अप होते. (आपल्या उठाबशा वेगळ्या, येथे उताणे झोपून उठून बसायचे.) पाय सरळ, जोडीदाराने घोटे धरलेले, आणि मोजायची फक्त संख्या. हेतू पोटाच्या स्नायूंची ताकद पाहण्याचा. पण पोटाचे स्नायू बरगड्यांना ओटीपोटाकडे ओढतात, म्हणजे धड गुंडाळतात. खांदे जमिनीवरून उचलले जाईपर्यंत मुख्य काम त्यांचे. त्यापुढे धड उचलून बसवण्याचे काम मांडीला कमरेकडे ओढणाऱ्या सोअस वगैरे स्नायूंचे. हे स्नायू कमरेच्या मणक्यांनाच जोडलेले असतात. घोटे धरले की त्यांना भक्कम आधार मिळतो आणि पोटाला सुट्टी. थकलेले मूल कंबर जमिनीवरून उचलून हिसका देते, आणि संख्या वाढते!

१९७६ च्या सुधारणेत गुडघे वाकवायला सांगितले, पण साठ सेकंदांची मर्यादाही घातली. म्हणजे आता वेग मोजला जाऊ लागला, आणि मुले पाठ आपटून उसळी घ्यायला शिकली. पुढे फिटनेसग्रॅम या चाचणीने वेगळा विचार केला. घोटे धरायचे नाहीत, पूर्ण उठायचे नाही, आणि ध्वनिफितीच्या ठेक्यावर तीन सेकंदांना एक या गतीनेच करायचे. ठेका किंवा रीत दुसऱ्यांदा चुकली की मोजणी थांबते. घाई करून काहीच मिळत नाही.

आपल्याकडे खेलो इंडियाच्या शालेय चाचणीत अर्धवट सिट-अप आहे. गुडघे वाकलेले, तळवे जमिनीवर, आणि उठताना बोटे सुमारे सहा इंच पुढे सरकवायची. रीत चांगली आहे. मोजणी मात्र तीस सेकंदांत किती, अशी आहे. रथसप्तमीच्या सुमारास शाळाशाळांतून सूर्यनमस्कारांचे आकडे जाहीर होतात, तेव्हा साष्टांग स्थितीत छाती आणि हनुवटी खरोखर किती जणांची टेकते हे ज्यांनी रांगेजवळ उभे राहून पाहिले आहे, त्यांना अधिक सांगायला नको.

नववीच्या वर्गात एक प्रयोग करता येईल. पाठदुखी असलेल्या मुलांना वगळून बाकीच्यांचे दोन गट करावेत. प्रत्येकाच्या बोटांपुढे सहा इंचांवर खडूची रेघ ओढावी. पहिल्या गटाला तीस सेकंदांत जमतील तितके अर्धे सिट-अप करायला सांगावे. दुसऱ्या गटासाठी एका विद्यार्थ्याने तीन सेकंदांना एक टाळी वाजवावी. प्रत्येकाजवळ दोन मोजणारे बसवावेत : एकाने नुसती संख्या लिहायची, दुसऱ्याने बोटे खरोखर रेघेला लागली तेवढ्याच वेळा. दुसऱ्या दिवशी गटांची अदलाबदल करावी. दोन मोजणाऱ्यांच्या आकड्यांतला फरक कोणत्या दिवशी किती आला, याचा स्तंभालेख मुलांनाच काढू द्यावा.