फियाटची वही

खंडेनवमीला आमच्या घरी पूजेच्या पाटावर तलवार कधी नसे. तिथे मांडलेले असत चार-सहा पाने, एक पक्कड, ग्रीस गन, पंख्यासारख्या उघडणाऱ्या पोलादी पात्यांचा फिलर गेज आणि हातभर लांबीचे वाकडे हँडल. आमचे वडील – आम्ही त्यांना नाना म्हणत असू – ही सारी हत्यारे रॉकेलने पुसून लख्ख करीत आणि मोठ्या गांभीर्याने त्यांवर हळदकुंकू वाहत. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला अंगणातल्या फियाटच्या बोनेटवर झेंडूची माळ चढे आणि चारी चाकांखाली लिंबे ठेवून ती अंगणातल्या अंगणात का होईना, हातभर पुढे घेतली जाई.

नाना गेले. हत्यारे माझ्याकडे आली आणि त्यांच्यासोबत एक वही आली. डावीकडच्या पानावर तारीख आणि मीटरचा आकडा, उजवीकडे केलेले काम. 1979 पासूनची. यंदा दिवाळीच्या आवराआवरीत ती पुन्हा हाती लागली, ती नेमकी अशा वेळी की गाडीच्या नोंदणीची मुदत संपत आलेली आहे आणि घरात प्रश्न उभा आहे: पुन्हा नोंदणी करायची, की भंगारात द्यायची? पंधरा वर्षांहून जुन्या मोटारींच्या फेरनोंदणीचे शुल्क 2022 पासून कित्येक पटींनी वाढले आहे. राज्याचा पर्यावरण कर आहे तो निराळाच. हिशेबाने पाहिले तर उत्तर सोपे आहे. पण वही वाचता वाचता मला असे वाटू लागले, की हिशेब मांडण्यापूर्वी तिचा इतिहास समजून घ्यावा.

घरच्या घरी मोटार दुरुस्त करण्याचा हा उद्योग आमच्याकडे आला कोठून? पुष्कळांची समजूत अशी, की ती एक हौस होती. हौस होती खरी. पण ती मागाहून आली. आधी आली ती टंचाई.

मोटारीचा कारखाना आपल्या देशात निघावा हा ध्यास सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी 1930 च्या दशकातच घेतला होता. सर विश्वेश्वरय्यांची योजना त्यांच्या पाठीशी होती; परकीय सरकारची मर्जी मात्र नव्हती. अखेर 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि 1947 मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिल्या गाड्या बाहेर पडल्या. त्या गाड्या अमेरिकन जातीच्या होत्या. सुटे भाग बोटीने यायचे आणि इथे जोडले जायचे. तिकडे शिवडीला जनरल मोटर्स 1928 पासून हेच करीत होती.

स्वातंत्र्यानंतर सरकारने 1949 मध्ये पूर्ण बांधणीच्या परदेशी मोटारींची आयात बंद केली. पुढे 1953 मध्ये जकात आयोगाचा अहवाल आला. त्याचा आशय असा, की ज्यांना इथे खरोखर मोटार घडवायची आहे त्यांनी राहावे. नुसती जोडणी करणाऱ्यांनी आपला गाशा गुंडाळावा. जनरल मोटर्स आणि फोर्ड निघून गेल्या. सामान्य गृहस्थाने घ्यावी अशा मोटारीचे कारखाने उरले मुख्यतः तीन: उत्तरपाड्याची हिंदुस्थान मोटर्स, मद्रासची स्टँडर्ड आणि कुर्ल्याची प्रीमियर. इटलीतल्या तुरिनच्या फियाट कंपनीने 1953 मध्ये जगापुढे आणलेली 1100 ही मोटार 1954 पासून कुर्ल्याला तयार होऊ लागली, ती अशा या बंदिस्त अंगणात.

परवाना दिला तेवढ्याच मोटारी कारखान्याने काढायच्या. 1959 मध्ये मोटारींच्या वाटप-विक्रीवर सरकारी हुकूम आला. गिऱ्हाइकाने पैसे भरून नाव नोंदवावे आणि वर्षानुवर्षे वाट पाहावी, हा शिरस्ता झाला. सरकारी किमतीची नवी गाडी मिळत नाही आणि वापरलेल्या गाडीला मात्र त्याहून अधिक पैसे मोजणारे लोक उभे आहेत, असा चमत्कार त्या काळाने पाहिला. तेव्हा ज्याच्या दारात गाडी आली, ती त्याच्या दारातून हलणार नव्हती. जुनी झाली म्हणून बदलावी हा पर्यायच नाही म्हटल्यावर माणूस काय करील? बाह्या सरसावून बोनेट उघडील. नानांनी आमची गाडी 1979 मध्ये एका डॉक्टरांकडून घेतली तेव्हा ती तेरा वर्षांची होती. 1966 ची डिलाइट. आज ती माझ्याहून वडील आहे.

या टंचाईला आणखी एक गोष्ट येऊन मिळाली, आणि माझ्या मते घरच्या मिस्त्रीचे खरे बळ तिच्यात होते. गाडी बदललीच नाही. इटलीत 1100 ची वंशावळ 1969 मध्ये संपली. आपल्याकडे तीच गाडी आधी प्रेसिडेंट झाली, 1974 पासून पद्मिनी झाली, आणि 2000 च्या सुमारापर्यंत निघत राहिली. नाव बदलले, जाळी बदलली, दिवे बदलले. पण आतले 1089 घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन मूळचेच. त्यामुळे नानांच्या 1966 च्या गाडीला 1985 च्या मोडीत निघालेल्या पद्मिनीचे कितीतरी भाग बसत. शिवाय मुंबईची टॅक्सी तीच. म्हणजे नाक्यानाक्यावर त्या गाडीची नाडी जाणणारा कोणी ना कोणी भेटणारच. एका माणसाला कळलेली युक्ती दुसऱ्याला उपयोगी पडे, बापाला कळलेली मुलाला उपयोगी पडे. ज्ञान साठायला वेळ लागतो, आणि या गाडीने तो वेळ दिला.

वहीत ते ज्ञान कसे उतरले आहे पाहा. "पॉइंट घासले, गॅप लावला." वीज योग्य क्षणी तोडून प्लगमध्ये ठिणगी पाडणारे हे दोन इवलेसे तुकडे, त्यांच्यातली फट अर्ध्या मिलिमीटरच्याही आत राखायची, आणि तेवढ्यासाठी तो फिलर गेज. "किंगपिनना ग्रीस." पुढची चाके ज्या खिळांवर वळतात, त्यांना दर हजार-दीड हजार मैलांनी ग्रीस मिळाले नाही, तर ते झिजतात आणि स्टिअरिंग जड होते. "पंपावर ओले फडके." ही नोंद प्रत्येक उन्हाळ्यात आहे. इंजिनाच्या अंगाला चिकटून बसलेला पेट्रोल पंप घाटात तापे, आतल्या पेट्रोलची वाफ होई, आणि वाफ काही त्या पंपाला ढकलता येत नसे. मग गाडी कडेला घ्यायची, आईच्या जुन्या लुगड्याचे फडके ओले करून पंपावर गुंडाळायचे आणि सर्वांनी कैऱ्या खात बसायचे.

नुसती दुरुस्तीच नव्हे, सुधारणाही. हेडलाइटचा सारा प्रवाह स्विचमधून जातो आणि म्हणून दिवे मिणमिणतात हे ध्यानात आल्यावर नानांनी मध्ये रिले बसवला. रात्री रस्ता दिसू लागला. 1986 मध्ये मूळचा डायनामो काढून अल्टरनेटर लावला, तेव्हापासून पावसाळ्यात वायपर, दिवे आणि हॉर्न एका वेळी चालू लागले. त्या दिवशीच्या नोंदीखाली नानांनी दोन रेघा ओढल्या आहेत. त्यांनी एरवी कशाखालीच रेघ ओढलेली नाही.

इथवर वाचून वाचकांना वाटेल, की काय ते स्वावलंबनाचे दिवस! मलाही तसेच वाटत होते. पण वहीत 1989 च्या मे महिन्याचे एक पान आहे.

लोणावळ्याहून आम्ही परत येत होतो. द्रुतगती मार्ग तेव्हा व्हायचा होता. बोरघाट उतरून खोपोलीला यायचे. उतारावर नानांनी ब्रेक दाबला आणि पेडल थेट तळाला जाऊन टेकले. त्या गाडीच्या चारी चाकांच्या ब्रेकला तेल पुरवणारी व्यवस्था एकच. एका चाकाच्या सिलिंडरमधले बोटाएवढे रबर फाटले, की चारही चाके मोकळी. नानांनी गाडी खालच्या गिअरमध्ये ओढली, हँडब्रेक हळूहळू खेचला आणि डोंगराच्या बाजूची दगडी कड घासत गाडी उभी केली. मी नऊ वर्षांचा होतो. मागच्या सीटवर आईने माझे डोके आपल्या मांडीत दाबून धरले होते, एवढेच मला आठवते. त्या वेळी कोणी काही बोलले नाही.

वहीत नोंद आहे ती एका ओळीची: "ब्रेक रबर डुप्लिकेट निघाले. पैसे वाचवले. माझी चूक."

अस्सल भाग मिळत नव्हता किंवा महाग होता, म्हणून बाजारातून नकली घेतला. टंचाईने नानांना हात दिले हे खरे. पण त्याच टंचाईने आमच्या चाकांत तो फाटका तुकडाही ठेवला. बंद अंगणातल्या कारखान्याला गाडी सुधारण्याची निकड नव्हती, कारण गिऱ्हाइकाला दुसरीकडे जाता येत नव्हते. जे काम कारखान्याने करायचे, ते वीस वर्षे नाना अंगणात उताणे पडून करीत होते. तेव्हा त्या कौशल्याचे कौतुक करताना त्या काळाचेही कौतुक करू नये, असे मला वाटते. दुष्काळात ज्या आईने चार घासांत आठ माणसे जेवू घातली तिला नमस्कार करावा, दुष्काळाला करू नये.

पुढे काळ पालटला. 1983 च्या डिसेंबरात मारुती 800 रस्त्यावर आली. 1991 नंतर दारे आणखी उघडली. कार्बोरेटर गेले, पॉइंट गेले. इंजिनाचा कारभार संगणकाच्या हाती गेला. बोनेट उघडले तर प्लॅस्टिकचे झाकण दिसते. पण त्या झाकणाखालची गाडी कमी धूर सोडते, आणि तिच्या ब्रेकची व्यवस्था दुहेरी असते – एक बाजू गेली तरी दुसरी धरते. बोरघाटातली ती दुपार आठवली की मी त्या दुहेरी व्यवस्थेला मनातून हात जोडतो. मुंबईत 2003 मध्ये नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत भरून 2023 च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली, तेव्हा लोक हळहळले. मीही हळहळलो. पण रोज चौदा तास ती चालवणाऱ्याच्या पाठीला विचारले असते, तर उत्तर कदाचित निराळे आले असते.

मग आमच्या फियाटचे काय?

खरे सांगायचे तर उत्तर मला वहीने दिले नाही; वहीत जे नाही त्याने दिले. ब्रेकच्या नळीत हवा शिरली, की पेडल मऊ लागते. ती हवा काढायला दोन माणसे लागतात. एकाने चाकामागचे निपल सैल करायचे, त्याला नळी लावून तिचे टोक ब्रेक ऑइलच्या बाटलीत बुडवायचे. दुसऱ्याने आत बसून पेडल दाबायचे आणि निपल पुन्हा घट्ट होईपर्यंत पाय उचलायचा नाही. उचलला, की बाहेर गेलेली हवा परत आत. "दाब… धर… सोड." चार चाके, दर चाकाला दहा-बारा वेळा. वहीत "ब्रेकची हवा काढली" अशी नोंद मी मोजली तर एकतीस वेळा आहे. एकतीसही वेळा आत आई बसलेली होती. चुलीवरचे आधण तसेच ठेवून, पदर खोचून. तिचे नाव वहीत एकदाही नाही.

इतिहासाचे असेच होते. कुर्ला आणि तुरिन त्यात येतात, आयोग आणि हुकूम येतात. फार तर गाडीखालचा माणूस येतो. पेडल धरून बसलेले माणूस येत नाही.

मी फेरनोंदणी करायचे ठरवले आहे. गाडी रोज चालवायची नाही. धूर तपासून, महिन्यातून एक-दोनदा. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल वीस टक्क्यांपर्यंत असते, त्याने जुने रबर फुगते आणि चिरते. म्हणून नळ्या आणि पंपाचा पडदा नव्या जातीचा घातला. ब्रेकची सर्व रबरे अस्सल आणली, पावतीसकट.

परवा रविवारी हवा काढायला मी गाडीखाली शिरलो आणि मुलीला आत बसवले. मी "दाब" म्हणालो, "धर" म्हणालो. तेवढ्यात ओसरीवरून फराळाच्या चकल्या पाडता पाडता आई ओरडली, "अगं, पाय उचलू नकोस! तो सोड म्हणेपर्यंत उचलायचा नाही!"

संध्याकाळी मी वहीत नोंद केली. तारीख, मीटरचा आकडा, काम. आणि खाली तिघांची नावे लिहिली. आईचे सर्वांत वर.