बॉलिंग ॲक्शन बदलायची आहे? आधी फोनचा स्लो मोशन नीट वापरा

दिवाळी झाली की मलकापूर, नांदुरा, मोताळा पट्ट्यात टेनिस बॉलच्या टुर्नामेंट सुरू होतात. त्याच सुमारास फोनवर रील्स येतात: बुमराहसारखा सरळ हात, मलिंगासारखी गोफण, केदार जाधवसारखा जमिनीलगत सुटलेला चेंडू. दोन-चार दिवस नेटमध्ये करून पाहिलं, मित्र आऊट झाले, आणि आता प्रश्न असा की ही वेगळी ॲक्शन कायमची घ्यायची का? उत्तर बऱ्याच अंशी तुमच्या खिशातल्या फोनवर मिळू शकतं. काही बाबतीत मात्र फोन हमखास फसवतो.

वेगळी ॲक्शन म्हणजे चुकीची नाही

आज आपण ज्याला ‘बरोबर’ म्हणतो ती डोक्यावरून हात फिरवण्याची पद्धत एके काळी बेकायदा होती. खांद्याच्या उंचीवरून टाकायला १८३५ साली परवानगी मिळाली, वरून टाकायला १८६४ साली. आजचा नियम कोपराकडे बघतो: हात खांद्याच्या उंचीला आल्यापासून चेंडू सुटेपर्यंत कोपर सरळ होता कामा नये. हात किती उंच असावा हे तो सांगत नाही. अंडरआर्म मात्र आधी तसं ठरलेलं नसेल तर नो बॉल.

आपल्याकडचं उत्तम उदाहरण पुण्याचा केदार जाधव. मूळचा बॅट्समन, अधूनमधून विकेटकीपर. १६ ऑक्टोबर २०१६ ला धरमशाला इथे न्यूझीलंडविरुद्ध त्याच्या हातात चेंडू आला आणि नीशम व सँटनर लागोपाठच्या दोन चेंडूंवर बाद झाले. पुढे हात जवळजवळ आडवा करून टाकलेले त्याचे चेंडू भल्याभल्यांना मारता येईनात. कारण साधं आहे. चेंडू कमी उंचीवरून सुटला की जमिनीला चपटा टेकतो, उसळी कमी घेतो, आणि बॅट त्याच्याखाली घालायला जागा उरत नाही. ७३ वनडेत २७ विकेट हा आकडा मुख्य बॉलरचा नाही, पण केदारचं पोट बॅटिंगवर होतं. प्रयोग फसला असता तरी त्याचं फारसं बिघडणार नव्हतं. तुम्ही टीमचे मुख्य बॉलर असाल तर हिशोब वेगळा आहे.

अजून एक गोष्ट रील्समध्ये दिसत नाही. ही गाजलेली माणसं मोठेपणी ‘बदललेली’ नाहीत. मलिंगाची गोफण श्रीलंकेच्या किनाऱ्यावर टेनिस बॉल खेळताना तयार झाली. गोल्फमध्ये जिम फ्युरिकचा स्विंग हवेत वेटोळं घेतो; लहानपणापासून तो वडिलांच्याच हाताखाली शिकला, त्यांनी ते वेटोळं राहू दिलं, आणि त्याच स्विंगवर त्याने २००३ ची यूएस ओपन जिंकली. सचिन बॅट फार खाली धरायचा, कारण लहानपणी मोठ्या मुलांची जड बॅट घेऊन खेळायचा. बदलून बघायला आचरेकर सरांनीही सुचवलं होतं. त्याने थोडे दिवस प्रयत्न केला, जमलं नाही, जुनी ग्रिप परत आली. म्हणजे वेगळेपण अंगात मुरलेलं असतं तेव्हा ते चालतं. एकोणिसाव्या वर्षी ते मुद्दाम आणणं हे दुसरंच काम आहे.

फोन कसा लावायचा

१०० किमी वेगाचा चेंडू सेकंदाला सुमारे २८ मीटर जातो. साध्या ३० एफपीएस व्हिडिओत दोन फ्रेममध्ये तो ९३ सेंटिमीटर सरकलेला असतो, म्हणजे हातातून सुटण्याचा क्षण बहुतेक वेळा टिपलाच जात नाही. १२० एफपीएसला हे अंतर २३ सेंटिमीटर होतं, २४० ला साधारण १२. त्यामुळे किमान १२० हवं.

फक्त फ्रेम वाढवून भागत नाही. शटर १/१०० असेल तर चेंडू प्रत्येक फ्रेममध्ये २८ सेंटिमीटरची पुसट रेघ दिसतो. १/१००० ला ती तीनेक सेंटिमीटरवर येते. प्रो व्हिडिओ मोडमध्ये शटर बदलता येत असेल तर बदला, नसेल तर भर उन्हात शूट करा, फोन स्वतःच शटर वेगवान करतो. आपल्याकडे उन्हाची कमतरता नाहीच. रात्रीच्या मॅचचे स्लो मोशन व्हिडिओ लुकलुकतात, कारण आपल्या विजेवरचे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. फोन खराब नाही.

स्वस्त फोनमधला ‘स्लो मोशन’ कधीकधी खोटा असतो. मधल्या फ्रेम सॉफ्टवेअर बनवतं. तपासायला सोपं आहे. भिंतीवर सव्वा मीटरवर खूण करा, तिथून चेंडू सोडा आणि शूट करा. पडायला अर्ध्या सेकंदाहून किंचित जास्त लागतो, म्हणजे २४० एफपीएसला जवळपास १२१ फ्रेम. एकेक फ्रेम सरकवत बघा. चेंडू दोन-तीन फ्रेम जागचा हलत नसेल किंवा एकाचे दोन धुरकट चेंडू दिसत असतील, तर त्या फोनवर ॲक्शनचा निकाल लावू नका. लॅपटॉप असेल तर किनोव्हिया हे मोफत विंडोज सॉफ्टवेअर या कामाला छान आहे.

वेगही काढता येतो. फोन पिचच्या मध्यासमोर बाजूला, १५-२० मीटर लांब, ट्रायपॉडवर किंवा विटांवर पक्का ठेवा. दोन्ही क्रीजमधलं अंतर १७.६८ मीटर. चेंडू सुटल्यापासून समोरच्या क्रीजला पोचेपर्यंत १५० फ्रेम लागल्या तर ०.६२५ सेकंद, म्हणजे साधारण १०२ किमी. टीव्हीवरचा वेग हातातून सुटतानाचा असतो, तुमचा सरासरी. त्यामुळे तो कमीच येणार. नाराज होऊ नका, जुन्या आणि नव्या ॲक्शनची तुलना करायला एवढं पुरतं.

विकेट मोजू नका, टप्पा मोजा

नवी ॲक्शन पहिल्या दिवशी जवळपास प्रत्येकाला फसवते. त्याला नवेपणाचा फायदा म्हणतात, आणि तो तिसऱ्या-चौथ्या मॅचला संपतो. म्हणून ज्यांनी तुम्हाला आठवडाभर खेळून काढलंय अशाच बॅट्समनसमोर चाचणी घ्या.

गुड लेंथवर चुन्याने चौकोन आखा. जुन्या ॲक्शनने ३० आणि नव्याने ३०, आलटून पालटून सहा-सहा. चौकोनात किती पडले ते लिहून ठेवा. एका दिवशी १२ विरुद्ध १५ आले म्हणजे काहीही सिद्ध झालं नाही, एवढा फरक नुसत्या नशिबाने पडतो. तीन-चार आठवड्यांची वही भरली आणि फरक तसाच टिकला, तर त्यात दम आहे.

कोपर: इथे फोनवर विश्वास ठेवू नका

‘बट्टा मारतो’ हा आरोप मैदानावर सगळ्यात लवकर होतो आणि फायनलमध्ये नो बॉल मिळाला तर सगळी मेहनत पाण्यात. पण वाकलेला हात म्हणजे बट्टा नाही. मुरलीधरनचा हात जन्मतःच पूर्ण सरळ होत नव्हता. कोपर वाकलेलंच राहिलं तर चेंडू वैध. ते चेंडू टाकताना किती सरळ होतं हा मुद्दा. आयसीसीने २००५ पासून १५ अंशांपर्यंत सूट दिली आहे, कारण बारीक मोजलं तर जवळपास सगळ्यांचंच कोपर थोडं हलतं.

हे अंश प्रयोगशाळेत मोजतात: हातावर चमकणारे मार्कर, चहूबाजूंनी कॅमेरे, त्यातून हाताची त्रिमितीय हालचाल. एका फोनच्या सपाट चित्रात खांदा फिरला तरी कोपर वाकल्यासारखं दिसतं. बुमराहचं कोपर तर उलट्या बाजूला जास्त ताणलं जातं, ते व्हिडिओत काहींना बट्टा वाटतं. फोनवर कोन मोजून देणारं ॲप काहीही आकडा सांगो, तो १५ अंशांशी लावू नका. फोनचा उपयोग इतकाच: बाजूने, समोरून आणि मागून शूट करा. तिन्ही ठिकाणांहून झटका दिसला तर शंका खरी धरा आणि जाणत्या अंपायरला दाखवा. गावच्या मॅचला अंश कोणी मोजत नाही, अंपायरचा डोळाच निर्णय देतो.

पाठ

घाई इथे सगळ्यात महाग पडते. पाय एका दिशेला आणि खांदे दुसऱ्या दिशेला अशी मिश्र ॲक्शन फास्ट बॉलरच्या कमरेच्या मणक्यावर ताण आणते. हाडाला बारीक तडा जाण्याशी तिचा संबंध संशोधनात वारंवार दिसला आहे. वाढत्या वयात धोका जास्त. डेनिस लिलीला १९७३ मध्ये अशाच तड्यांनी मैदानाबाहेर बसवलं, आणि नव्याने घडवलेल्या ॲक्शनवर तो परतला. बुमराहच्या पाठीवर २०२३ मध्ये शस्त्रक्रिया झाली.

मागून शूट केलेला व्हिडिओ मागचा पाय टेकतो तिथे थांबवा आणि खांद्यांची रेघ बघा. पुढचा पाय टेकेपर्यंत ती उलटी वळून मागे जात असेल तर ही ॲक्शन कोचला दाखवल्याशिवाय पुढे नेऊ नका. उजव्या हाताच्या बॉलरला कमरेच्या डाव्या बाजूला दुखत असेल आणि मागे वाकल्यावर ते वाढत असेल, तर बॉलिंग त्याच दिवशी बंद करून हाडांच्या डॉक्टरकडे जा. सुरुवातीचा तडा एक्स-रेमध्ये बऱ्याचदा दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतो. जाताना व्हिडिओ सोबत न्या, पण व्हॉट्सॲपवरून साध्या व्हिडिओसारखा पाठवू नका. तो दाबून लहान होतो; डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ फाइल जशीच्या तशी पोचते.