लिन यू-थांग

लिन यू-थांग : (२००० – ). तैवानचा लांब उडीपटू. १९८१ च्या लोझान करारानुसार तैवानचे खेळाडू ऑलिंपिक व आशियाई स्पर्धांत ‘चायनीज तैपेई’ या नावाने उतरतात. लिनही त्याच नावाने खेळतो. जुलै २०२३ मध्ये बँकॉक येथील आशियाई मैदानी अजिंक्यपद स्पर्धेत त्याने ८.४० मी. उडी मारून सुवर्णपदक पटकावले. भारताचा मुरली श्रीशंकर ८.३७ मी. उडीसह रौप्यपदकाचा मानकरी ठरला. दोघांत अंतर अवघे ३ सेंमी. होते. या उडीने लिनने नाय हुई-फांग याचा १९९३ पासून अबाधित असलेला ८.३४ मी.चा राष्ट्रीय विक्रम मोडला. त्यामुळे तैवानचा हा विक्रम ३० वर्षांनंतर ६ सेंमी.ने पुढे सरकला.