एफसिंक: डेटाबेस हळू का चालतो आणि कोणती सेटिंग बदलावी

समजा, बुलढाणा तालुक्यातल्या धाडमध्ये एक कृषी सेवा केंद्र आहे. बिलिंगचं सॉफ्टवेअर जुन्या हार्डडिस्कच्या पीसीवर चालतं. एरवी तक्रार नाही, पण पेरणीच्या तोंडावर पाच हजार वस्तूंची नवी दरयादी आत घ्यायला गेलं की दोन-तीन मिनिटं नुसतं बघत बसायचं. प्रोसेसर निवांत, रॅम मोकळी. मग अडतंय कुठे? अशा वेळी पहिला संशय एफसिंकवर घ्यावा.

प्रोग्रॅम फाइलमध्ये काही लिहितो तेव्हा ऑपरेटिंग सिस्टीम ते लगेच डिस्कवर नेत नाही. आधी रॅममध्ये ठेवते आणि झालं म्हणून सांगून टाकते. लिनक्सच्या मूळ सेटिंगमध्ये असा डेटा 30 सेकंद किंवा थोडा जास्तही तिथेच पडून राहू शकतो. तेवढ्यात लाइट गेली की तो गेला. डेटाबेसला हे परवडत नाही, कारण बिल सेव्ह झालं असं एकदा सांगितलं की ते राहायलाच हवं. म्हणून तो प्रत्येक कमिटला एफसिंक करतो, म्हणजे डेटा डिस्कवर पोचेपर्यंत थांबून राहतो.

हे थांबणं महागात पडतं. 7200 आरपीएमची डिस्क सेकंदाला 120 फेरे मारते, एका फेऱ्याला सुमारे 8.3 मिलिसेकंद लागतात. एकामागून एक कमिट होत असतील तर सेकंदाला शंभरच्या आसपासच होणार. एसक्यूलाइटला एका कमिटसाठी एकाहून जास्त वेळा सिंक करावं लागतं, त्यामुळे तिथे आकडा काही डझनांवर येतो.

यावर पहिला उपाय सेटिंगचा नाहीच. पाच हजार नोंदी पाच हजार कमिटमध्ये टाकू नका, एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये टाका. मिनिटांचं काम बहुधा सेकंदांत होतं आणि सुरक्षितता तसूभरही कमी होत नाही. एसक्यूलाइट असेल तर वॉल मोड सुरू करा आणि सिंक्रोनस 'नॉर्मल' ठेवा. लाइट गेल्यास शेवटच्या काही नोंदी जाऊ शकतात, पण फाइल बिघडत नाही.

पोस्टग्रेस वापरणाऱ्यांना कुणीतरी हमखास सांगतं, 'एफसिंक ऑफ कर, पळायला लागेल.' पळतं, खरंय. पण लाइट गेली की शेवटचं बिलच नव्हे, अख्खा डेटाबेस खराब होऊ शकतो. लोडशेडिंगच्या गावात तर हा जुगारच. त्याऐवजी 'सिंक्रोनस कमिट' ऑफ करा. मूळ सेटिंगमध्ये जास्तीत जास्त सुमारे 600 मिलिसेकंदांतले व्यवहार जातील, बाकी डेटाबेस शाबूत. मायएसक्यूएलमध्ये यासाठी इनोडीबीची 'फ्लश लॉग ॲट टीआरएक्स कमिट' ही सेटिंग 1 ऐवजी 2 करतात. मग सिंक साधारण सेकंदाला एकदा होतं. उधारीच्या खात्यात एक सेकंदही जायला नको असेल तर मात्र 1 च राहू द्या.

मोठ्या रॅमच्या लिनक्स सर्व्हरवर दुखणं वेगळं असतं. सगळं छान चाललेलं असताना मध्येच काही सेकंद गाडी अडते. 'डर्टी बॅकग्राउंड रेशो' मुळात 10 टक्के असतो, म्हणजे 64 जीबी रॅमवर सहा जीबीच्या आसपास न लिहिलेला डेटा साचू शकतो आणि चेकपॉइंटला एकदम डिस्कवर कोसळतो. तिथे 'डर्टी बॅकग्राउंड बाइट्स' वापरून ही मर्यादा काही शे एमबीवर आणा. डिस्क सतत थोडंथोडं लिहीत राहते.

बरं, एफसिंक चालू आहे म्हणून निर्धास्त राहावं असंही नाही. 2018 मध्ये पोस्टग्रेसच्या लोकांच्या लक्षात आलं, की लिनक्सवर एफसिंक एकदा फसलं तर दुसऱ्यांदा केल्यावर ते यशस्वी झाल्याचं सांगतं, डेटा मात्र डिस्कवर नसतो. 2019 च्या अपडेटपासून पोस्टग्रेस अशा वेळी पुन्हा प्रयत्न न करता बंद पडतो आणि लॉगवरून सावरतो. त्याआधीची आवृत्ती असेल तर बदला.

सेटिंगला हात लावण्याआधी पोस्टग्रेससोबत येणारं 'पीजी टेस्ट एफसिंक' चालवून बघा. साध्या 7200 च्या डिस्कवर सेकंदाला हजारो सिंक दिसले तर खूश होऊ नका. डिस्क आपल्या कॅशमध्येच डेटा ठेवून खोटं सांगतेय. आधी तिचा राइट कॅश बंद करा आणि पुन्हा मोजा.