वेब सर्व्हरवरील अंतर्भूत स्क्रिप्ट आणि दोषशोधन : एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

संगणकीय भाषांचा इतिहास बहुधा त्यांच्या निर्मात्यांच्या व आवृत्त्यांच्या अंगाने लिहिला जातो. त्या भाषा वापरताना काय बिघडत होते आणि बिघाडाचे मूळ लोक कसे शोधीत होते, याची नोंद क्वचितच घेतली जाते. प्रस्तुत निबंधात वेब पृष्ठाच्या मजकुरातच लिहिल्या जाणाऱ्या, म्हणजे अंतर्भूत, स्क्रिप्टच्या आउटपुटमधील दोषांचा विचार केला आहे. त्यात मुख्य भर पीएचपी या भाषेवर आहे.

सीजीआय : रिकाम्या ओळीचा नियम

१९९३ साली इलिनॉय विद्यापीठातील एनसीएसए या केंद्राच्या सर्व्हरबरोबर सीजीआय ही पद्धत रूढ झाली. सर्व्हर एखादा स्वतंत्र प्रोग्राम चालवी आणि प्रोग्रामने लिहिलेले आउटपुट ब्राउझरकडे पाठवी. अट एवढीच, की आधी हेडर, मग एक रिकामी ओळ आणि त्यानंतर मजकूर आला पाहिजे. ही रिकामी ओळ विसरली, की ब्राउझरवर ‘५००’ क्रमांकाची त्रुटी झळके आणि खरे कारण सर्व्हरच्या एरर लॉगमध्ये पडून राही. पर्ल भाषेत तर आणखी एक चकवा होता. प्रोग्रामने आधी छापलेले हेडर बफरमध्ये थांबून राहत आणि नंतर चालवलेल्या बाहेरील आज्ञेचे आउटपुट त्यांच्या पुढे निघून जाई. लिहिण्याचा क्रम अचूक असूनही पोचण्याचा क्रम चुके. आउटपुटमधील दोष हा प्रायः क्रमाचा दोष असतो, हे येथेच स्पष्ट झाले होते.

कागदपत्रात शिरलेला प्रोग्राम

रासमुस लेर्डोर्फ यांनी १९९४ मध्ये स्वतःच्या परिचयपत्रास किती लोक भेट देतात हे पाहण्यासाठी सी भाषेत काही साधने लिहिली आणि जून १९९५ मध्ये ती सर्वांसाठी खुली केली. पीएचपीचा उगम तो. १९९६ च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टचे एएसपी आले. या दोन्हींनी सीजीआयची रचना उलटी केली. पूर्वी प्रोग्रामच्या पोटात पृष्ठ असे. आता पृष्ठाच्या पोटात प्रोग्राम आला. ठरावीक खुणांच्या आतला भाग चालवायचा आणि बाहेरचे सर्व काही जसेच्या तसे पाठवायचे, हा नियम इतका सोपा होता की संगणकशास्त्राचे शिक्षण नसलेली माणसेही संकेतस्थळे घडवू लागली.

परंतु ‘बाहेरचे सर्व काही’ यात मोकळी जागाही येते. आरंभीच्या खुणेपूर्वी चुकून राहिलेली एक रिकामी ओळ हे देखील आउटपुटच होय. आणि आउटपुटचा पहिला बाइट रवाना झाला की हेडर पाठवण्याची संधी संपते. पृष्ठावर केवळ तारीख किंवा भेटींची संख्या दाखवायची होती तोवर याने काही बिघडत नव्हते. लॉगिन, कुकी आणि एका पृष्ठावरून दुसऱ्याकडे वळवणे यांची गरज पडू लागल्यावर मात्र ती मोकळी ओळ घातक ठरली, कारण या तिन्ही गोष्टी हेडरमधूनच होतात. मे २००० मधील पीएचपी ४ या आवृत्तीत सेशनची सोय भाषेतच आली, आणि त्याच आवृत्तीत आउटपुट बफर करण्याची सोयही आली, हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे.

‘हेडर आधीच पाठवले गेले आहेत’ या अर्थाचा पीएचपीचा इशारा त्या पिढीतील प्रत्येकाला पाठ असे. त्यात दोन ठिकाणे दिलेली असत : हेडर पाठवण्याचा प्रयत्न फसला ती ओळ आणि आउटपुट सुरू झाले ती ओळ. नवशिके पहिलीवर तासन्‌तास घालवीत. दोष दुसरीवर असे. बफरिंग चालू केले की इशारा नाहीसा होई, पण दोष तसाच राही. मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस ४ मध्ये एएसपीचे बफरिंग मूलतः बंद होते, तर आयआयएस ५ मध्ये ते मूलतः चालू झाले. त्यामुळे नव्या सर्व्हरवर सुरळीत चालणारे पृष्ठ जुन्यावर अडखळे आणि दोष कोणाचा यावर वाद होत.

मराठी मजकूर आणि तीन अदृश्य बाइट

या दोषाचा एक प्रकार देवनागरीत लिहिणाऱ्यांच्या वाट्याला विशेषत्वाने आला. विशिष्ट फाँटवर आधारित जुन्या पद्धती सोडून मराठी पृष्ठे युनिकोडकडे वळली, तेव्हा फाइल यूटीएफ-८ मध्ये साठवणे भाग पडले. विंडोजमधील नोटपॅड अशा फाइलच्या आरंभी बीओएम नावाची तीन बाइटची खूण घाली. संपादकात ती दिसत नसे. स्क्रिप्टच्या दृष्टीने मात्र ते खुणेबाहेरचे आउटपुट होते. केवळ इंग्रजी अक्षरे असलेली फाइल नेहमीच्या पद्धतीने साठवणाऱ्याला हा प्रश्न बहुधा पडतच नसे. प्रस्तुत लेखकाने विद्यार्थिदशेत एका संस्थेच्या मराठी सूचनापृष्ठासाठी दोन रात्री जागून काढल्या होत्या. इशारा ‘ओळ १’ म्हणत होता आणि ओळ १ निर्दोष दिसत होती. शेवटी सर्व मजकूर नव्या फाइलमध्ये चिकटवून तो बीओएमविना साठवला, तेव्हा लॉगिन चालू झाले. कारण कळले ते बऱ्याच काळाने.

२०१२ मध्ये पीएचपी समुदायाच्या पीएसआर-१ या मानकाने बीओएमविरहित यूटीएफ-८ बंधनकारक केले. त्याच वर्षीच्या पीएसआर-२ ने केवळ पीएचपी असलेल्या फाइलच्या शेवटची समाप्तिखूण वगळण्यास सांगितले, कारण तिच्यानंतर राहिलेली मोकळी जागाही आउटपुट ठरते. नोटपॅडने आपली मूळ सवय बदलली ती २०१९ मध्ये.

दोष कोणाला दिसावा?

याउलट प्रकारही घडत : स्क्रिप्ट चालण्याऐवजी तिचा मूळ मजकूरच वाचकापुढे येई. १९९८ मध्ये आयआयएसवर पत्त्याच्या शेवटी विशिष्ट अक्षरे जोडली की एएसपीचा स्रोत उघडा पडत असे. ऑगस्ट २००७ मध्ये सर्व्हरच्या चुकीच्या मांडणीमुळे फेसबुकच्या मुख्य पृष्ठाचा पीएचपी स्रोत काहींना दिसला. अशा पृष्ठांत डेटाबेसचे पासवर्डही लिहून ठेवण्याची सर्रास प्रथा होती, हे ध्यानात घेतले म्हणजे यातील धोका कळतो. त्रुटीसंदेशांतूनही फाइलींचे मार्ग बाहेर जात. म्हणून सार्वजनिक सर्व्हरवर संदेश दडवून ते लॉगमध्ये लिहिण्याचा दंडक रूढ झाला. सुरक्षिततेच्या दृष्टीने तो योग्यच होता. परंतु स्वस्त सामायिक सर्व्हरवर लॉग पाहण्याची परवानगी नसलेल्या माणसाच्या हाती उरे ते कोरे पांढरे पृष्ठ.

संदेश दिसला तरी तो समजेलच असे नव्हते. पीएचपी ३ च्या घडणीत इस्रायलमधील अँडी गुटमन्स आणि झीव सुरास्की यांचा मोठा वाटा होता. त्यांच्या भाषेची खूण म्हणून ‘पामायिम नेकुदोतायिम’ हे हिब्रू नाव पीएचपीच्या संदेशांत टिकून राहिले. जोडून आलेली दोन अपूर्णविरामचिन्हे, एवढाच त्याचा अर्थ. जगभरच्या नवशिक्यांना तो कोणाला तरी विचारावा लागे. नोव्हेंबर २०२० मधील पीएचपी ८ पासून संदेशात त्या नावाऐवजी प्रत्यक्ष चिन्हेच छापली जाऊ लागली.